रासायनिक सूत्रं लिहिताना या चुका टाळा

चोपड्याला संध्याकाळी मी नववी-दहावीचा विज्ञानाचा वर्ग घेतो. गेल्या पावसाळ्यात मुलांना सांगितलं होतं, घरात सापडतील त्या पाच पदार्थांची सूत्रं लिहून आणा. केळीवाल्या घरातल्या एका मुलीने पोटॅशच्या गोणीपुढे लिहिलं होतं 'के टू ओ'. मी खूण केली तशी ती हट्टाने म्हणाली, "सर, गोनीवर तेच छापेल शे!"

छापलेलं असतं हे खरं. पण त्या गोणीत 'के टू ओ', म्हणजे पोटॅशिअम ऑक्साइड, चिमूटभरही नसतं. आत असतं पोटॅशिअम क्लोराइड, म्हणजे 'के सीएल'. खतातलं पोटॅशिअम ऑक्साइडच्या हिशेबात सांगायची जुनी रीत आहे, म्हणून 'के टू ओ ६० टक्के' असं छापतात. खरं पोटॅशिअम ऑक्साइड पाण्यात पडलं तर जोरात अभिक्रिया होऊन दाहक पोटॅशिअम हायड्रॉक्साइड तयार होईल. ते केळीच्या बुडाशी कोण टाकेल? म्हणून पहिली गोष्ट: टक्केवारीचं लेबल म्हणजे सूत्र नव्हे. संयुगाचं नाव वाचा आणि सूत्र त्यावरून काढा.

(इथे सूत्रं वर्गात वाचतो तशी लिहिली आहेत. अंक वहीत खाली, लहान लिहायचे.)

आधी ठरवा: आयनिक की सहसंयुज?

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. मुलं नियम पाठ करतात, पण एका जातीचा नियम दुसऱ्या जातीला लावतात. आयनिक संयुगात इलेक्ट्रॉन एकाने दिलेले आणि दुसऱ्याने घेतलेले असतात, त्यामुळे किती धन आयनांना (आयन म्हणजे प्रभार आलेला अणू किंवा अणूंचा गट) किती ऋण आयन लागणार हे प्रभारावरून ठरतं. सहसंयुज संयुगात इलेक्ट्रॉनांची भागीदारी असते आणि तेच दोन अधातू वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र येऊ शकतात.

म्हणून 'कॅल्शिअम डायक्लोराइड' म्हणायचं नाही. कॅल्शिअमचा प्रभार अधिक दोन, क्लोराइडचा उणे एक. दोन क्लोराइड लागणारच, 'डाय' सांगायची गरज काय? उलट नुसतं 'नायट्रोजन ऑक्साइड' म्हटलं तर काहीच कळत नाही. एन टू ओ, एनओ, एनओ टू, एन टू ओ फोर अशी कितीतरी ऑक्साइडं आहेत. तिथे मोनो, डाय, ट्राय, टेट्रा बोलावंच लागतं. पहिल्या मूलद्रव्याला मात्र 'मोनो' लावत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांत एका अणूचा फरक आहे, पण थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या माणसाचा जीव पहिला वायू घेतो.

धातू आणि अधातू म्हणजे आयनिक, दोन्ही अधातू म्हणजे सहसंयुज, ही खूण बहुतेक वेळा चालते. ती फसते अमोनिअमपाशी. अमोनिअम सल्फेटमध्ये एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे, कारण अमोनिअम हे आख्खं मूलकच (एकत्र राहणारा अणूंचा गट) धन प्रभाराचं. त्याच दुकानात शेजारच्या गोणीतला युरिया मात्र सहसंयुज.

कंस

चुन्याच्या निवळीत कॅल्शिअम हायड्रॉक्साइड असतं. मुलं लिहितात 'सीए ओएच टू', कंसाशिवाय. मोजून बघा: ऑक्सिजन एकच, हायड्रोजन दोन. आपल्याला हवेत दोन्ही दोन-दोन. 'ओएच' कंसात घ्या, दोन बाहेर लिहा. मूलक एकच असेल तर कंस नको, जसं 'एनए ओएच'.

हिराकस बघा

मला सर्वात आवडणारा धडा हिराकसच्या पुडीत आहे. ताजी हिराकस फिकट हिरवी असते; ते फेरस सल्फेट. पुडी उघडी ठेवा, काही दिवसांत कडेने पिवळट-तांबूस थर धरतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिथलं फेरस लोह फेरिक झालेलं असतं. फेरस म्हणजे अधिक दोन, म्हणून 'एफई एसओ फोर'. फेरिक म्हणजे अधिक तीन, म्हणून फेरिक सल्फेटमध्ये लोहाचे दोन आणि कंसातल्या सल्फेटचे तीन. नाव वाचताना शेवटचं 'अस' की 'इक' हे सोडलंत, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

हेच रोमन अंकात लिहितात तेव्हा नवा घोटाळा होतो. मुलांना वाटतं रोमन अंक म्हणजे अणूंची संख्या. तसं नाही, तो प्रभार आहे. कॉपर (एक) ऑक्साइडमध्ये तांब्याचे अणू दोन असतात, 'सीयू टू ओ'. कॉपर (दोन) ऑक्साइडमध्ये एकच, 'सीयू ओ'.

आइड, आइट, एट

सोडिअम सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट: पहिल्यात ऑक्सिजन नाही, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. पण 'आइट म्हणजे तीन' असं घोकू नका, नायट्राइटमध्ये दोनच असतात. 'आइट'मध्ये 'एट'पेक्षा एक ऑक्सिजन कमी, इतकंच खरं. सल्फाइट मूलक आणि सल्फर ट्रायऑक्साइड दोन्हीकडे 'एसओ थ्री' दिसतं. पहिल्यावर उणे दोन प्रभार आहे, दुसरा उदासीन रेणू.

संक्षेप कुठे करायचा

तिरकस गुणाकाराने, म्हणजे एकाच्या प्रभाराचा अंक दुसऱ्याखाली लिहून, कॅल्शिअम ऑक्साइड 'सीए टू ओ टू' येतं, ते 'सीए ओ' करा. पण हायड्रोजन पेरॉक्साइड 'एच टू ओ टू' आहे, त्याला दोनने भागायचं नाही. आयनिक सूत्र प्रमाण सांगतं, रेणुसूत्र रेणूतले खरे अणू सांगतं.

आणि अक्षर नीट काढा. 'सीओ'तला ओ कॅपिटल असेल तर कार्बन मोनॉक्साइड, स्मॉल असेल तर कोबाल्ट. घाईत काढलेला अर्धवट ओ तपासणाऱ्याने कसा वाचावा?

आयनिक सूत्र लिहून झालं की प्रभारांची बेरीज करा. शून्य आली नाही तर आयनांचे प्रभार पुन्हा बघा, अंक बदलून जुळवत बसू नका.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी १३:०:४५ या खताची रिकामी पिशवी घेऊन आली (हे आकडे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश यांच्या टक्क्यांचे). नाव वाचून तिने पोटॅशिअम नायट्रेट लिहिलं, 'के एनओ थ्री', कंस न देता. मग विचारलं, तेरा कुठून आले? मी तिला अणुवस्तुमानं लिहायला लावली: ३९, १४ आणि तीन वेळा १६. बेरीज १०२ आली, पुन्हा केली, १०१. त्यातले नायट्रोजनचे १४. भागाकार १३.८ वर आल्यावर तिने पिशवी उलटून छापलेला तेरा पुन्हा एकदा वाचला.