बांधावरचं बीळ कुणाचं, ते आधी ओळखा

बांधाला बीळ दिसलं की आमच्याकडे सगळे ‘घूस लागली’ म्हणून मोकळे होतात. मी कर्जतकडे भात करते आणि माझं माहेर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं, म्हणून सांगते, उंदीर ओळखल्याशिवाय उपायाला हात घालू नका.

उंदीर काही दिवसा समोर येत नाही. म्हणून बिळाचं तोंड बघा. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आणि बीळ आतून मातीनं बुजवलेलं असेल, तर ती लहान घूस. हिला ओल लागते, पोहतेही चांगली. गेल्या कापणीला आम्ही एक बीळ खणलं, तर हातभर खाली अर्धं घमेलं लोंब्या निघाल्या. सगळ्यांचे देठ तिरके कापलेले! पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत आणि खाली श्रीलंकेत हीच भाताची वैरीण. मुंबई-कोलकात्याच्या धान्यगोदामांतही हीच राहते.

मोठी घूस घराजवळची. उकिरडा, गटार, गोठ्याचा जोता अशा ठिकाणी पोखरते. किलोभर भरते, डिवचली तर पाठीवरचे राठ केस उभे करून गुरगुरते. तिचा मुलूख भारतापासून दक्षिण चीन, व्हिएतनाम, तैवानपर्यंत.

या दोघींत घोटाळा होतो, कारण मोठीचं पिल्लू लहानीएवढंच दिसतं. मेलेली सापडली तर सुतळीनं नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत माप घ्या आणि तीच सुतळी शेपटीला लावून बघा. लहान घुशीची शेपटी आखूड पडते, मोठीची जवळजवळ अंगाएवढी भरते. हातमोजे घालूनच हे करा. कोकणपट्टीत लेप्टोनं, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापानं, माणसं दगावतात.

माहेरी ज्वारीच्या रानात जमिनीच्या भेगांत राहतो तो मऊ केसांचा उंदीर. हलक्या, कोरड्या जमिनीत उघड्या तोंडाची बिळं असली आणि उड्या मारत पळणारा, शेपटीला झुपका असलेला प्राणी दिसला, तर तो घुशीच्या जवळच्या नात्यातलाच नाही.

बीळ चालू आहे का, हे कळायला संध्याकाळी तोंडावरची माती पायानं सपाट करा आणि शेजारी काटकी रोवा. सकाळी ताजी माती वर आली असेल तरच तिथे औषध किंवा सापळा. खणलेलं बीळ मात्र त्याच दिवशी चिखलानं चोपून बंद करा, नाहीतर रात्रीतून खाचराचं पाणी खालच्या खाचरात उतरतं.