मॉडेल रेल्वेच्या इंजिनात दिवे बसवताय? या चुका टाळा

"कालपर्यंत चालू होता हो, आज अचानक गेला." इंजिन हातात घेऊन कुणी असं म्हणालं की मी आधी बॉडी काढतो. आत बहुतेक वेळा तीच चूक सापडते, जी मागच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या इंजिनात सापडली होती. दिवा पेटला म्हणजे काम झालं, ही समजूतच मुळात घात करते.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे दोन दिव्यांत मिळून एकच रेझिस्टर (करंट आवरणारा भाग). डीसीसी म्हणजे रुळांतूनच डिजिटल हुकूम पाठवून इंजिन चालवायची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे ते हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट. त्या डिकोडरची निळी वायर हा सगळ्या दिव्यांचा सामाईक पॉझिटिव्ह, पांढरी वायर पुढच्या हेडलाइटची, पिवळी मागच्याची. नवख्या माणसाला हे कळलं की लगेच हुशारी सुचते: निळ्या वायरवरच एक रेझिस्टर टाकला की दोन्ही दिव्यांचं भागलं! आणि ते चालतंही, कारण पुढचा पेटतो तेव्हा मागचा बंद असतो. चालतं म्हणूनच माणूस फसतो.

मीही फसलोय. एका डिझेल इंजिनात हीच चलाखी केली होती आणि वर्षभर सगळं सुरळीत होतं. मग हौस आली की मागे एक लाल दिवा हवा. तीच निळी वायर घेतली, दुसरं टोक हिरव्या वायरला, म्हणजे डिकोडरच्या त्यानंतरच्या मोकळ्या आउटपुटला जोडलं. लाल लावला की हेडलाइट गायब, लाल बंद केला की परत हजर. अख्खी संध्याकाळ मी सांधे पुन्हा सोल्डर करत बसलो. डिकोडर रीसेट केला. शेवटी डिकोडरच बिघडलाय असं ठरवून नवा बसवला, तर त्यावरही तेच! मग कुठे मल्टिमीटर उचलला, जो पहिल्या पाच मिनिटांतच उचलायला हवा होता. रेझिस्टरच्या पुढे जेमतेम २ व्होल्ट. लाल एलईडी साधारण २ व्होल्टवर पेटतो, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. दोघे एकाच रेझिस्टरमागे आले की लाल व्होल्टेज दोनावरच धरून ठेवतो आणि पांढरा उपाशी राहतो. तो 'बिघडलेला' डिकोडर पुढे दुसऱ्या इंजिनात बसवला, ठणठणीत चालतोय.

म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. मी तो थेट एलईडीच्या पायाला सोल्डर करतो आणि वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवतो. मग घाईत एलईडी कुठेही जोडला तरी रेझिस्टर राहून जात नाही.

दुसरी चूक डोळ्यांना खुपते: झगझगाट. १२ व्होल्टमधून एलईडीचे ३ गेले, उरले ९, एक हजार ओहमला ९ मिलीअँप. गणित बरोबर, पण दिवा चुकीचा. आजच्या एलईडीला एवढा करंट दिला की बोटभर इंजिन सर्चलाइट घेऊन फिरल्यासारखं दिसतं. मी कोष्टकाच्या नादी लागत नाही. एक हजारचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये दहा हजारचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) असा एक जुगाड कायम टेबलावर असतो. (तो एक हजारचा गाळू नका, पॉट शून्यावर गेला की एलईडी गेलाच.) खोलीत नेहमीचा उजेड ठेवायचा, इंजिन दोन-तीन फुटांवर ठेवायचं, पॉट फिरवत डोळ्यांना पटेल तिथे थांबायचं. मग एकूण रेझिस्टन्स मोजून जवळच्या किमतीचा रेझिस्टर टाकायचा. माझा हेडलाइट बहुधा दोन ते पाच हजारांत बसतो, कॅबमधला दिवा दहा हजारांच्याही वर. डिकोडरच्या सीव्हीमधून, म्हणजे त्याच्या सेटिंगमधून, दिवा मंद करता येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण कधीतरी डिकोडर रीसेट होतो आणि सर्चलाइट परत येतो. शिवाय व्हिडिओत तो दिवा लुकलुकताना दिसतो ते वेगळंच.

उजेड बॉडीतून झिरपणं हे याचंच भावंड. प्लास्टिक पातळ असतं. हेडलाइट लावला की इंजिनाचं अख्खं नाक कंदिलासारखं उजळतं. आतून नुसता पांढरा रंग मारून ते थांबत नाही. आधी काळा, तो वाळला की वर चंदेरी. काळा उजेड अडवतो, चंदेरी तो लेन्सकडे परतवतो. नंतर खोलीत अंधार करून बघा. बॉडी आणि चॅसिसच्या फटीही तेव्हाच सापडतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. जुन्या काळच्या इंजिनाला निळसर पांढरा एलईडी लावू नका, वॉर्म व्हाइट घ्या. तो नसेल तर एलईडीवर पारदर्शक पिवळ्या-केशरी रंगाचा पातळ हात द्या. लेन्सजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते आणि ती पूर्ववत करणं जिकिरीचं. साधा पांढरा गोंद पुरतो. डीसीसी नसलेल्या साध्या डीसी रुळांवर दिशा बदलली की एलईडीवर उलटं व्होल्टेज येतं. तो सहसा ५ व्होल्टपर्यंतच उलटा सोसतो, तेव्हा सिरीजमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका. दिवा लुकलुकतोय म्हणून कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा) विकत घेण्याआधी चाकं आणि रूळ पुसा. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत एकच केशरी एलईडी ठरावीक तालात लुकलुकला तर तो सिग्नल वाटतो, आग नाही. एक केशरी, एक पिवळा आणि दोघांची लय वेगळी ठेवा. आणि १९५० च्या अमेरिकन डिझेलला डिच लाइट (पुढे खालच्या बाजूला लावलेली जादा दिव्यांची जोडी)? तिथे ते सरसकट सक्तीचे झाले १९९७ च्या अखेरीस. आधी फोटो बघा, मग भोकं पाडा.

राहिला शेवटचा स्क्रू. बॉडी दाबून बसवताना वायर चिमटते, धातूच्या चॅसिसवर तिचं आवरण सोलतं आणि डिकोडर जातो. मी चॅसिसच्या कडांना कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी, उष्णता सोसणारी पट्टी) लावतो, वायरी मोटरपासून दूर एका बाजूला चिकटवतो आणि बॉडी नुसती वर ठेवून इंजिन अर्धा तास दोन्ही दिशांना फिरवतो. स्क्रू दुसऱ्या दिवशी.