इझाना वॉकर: एका बाहुलीकर्तीच्या कुळाचा शोध

जुन्या अमेरिकन बाहुल्यांच्या कर्त्यांवर काम करू इच्छिणाऱ्या नवोदिताने आरंभ ऱ्होड आयलंड राज्यातील इझाना वॉकर (१८१७–१८८८) हिच्यापासून करावा, असे मी सुचवेन. तिच्या बाबतीत एक पक्का कागद हाताशी आहे, तो म्हणजे ४ नोव्हेंबर १८७३ रोजी मिळालेले १४४३७३ क्रमांकाचे पेटंट, आणि ते घरबसल्या विनामूल्य वाचता येते. कापडाचे थर खळीने चिकटवून साच्यात दाबायचे आणि तयार झालेल्या चेहऱ्यावर तैलरंग चढवायचा, ही तिची कृती त्यात सविस्तर दिली आहे. मात्र कृतीइतकेच लक्ष साक्षीदारांच्या नावांकडे द्यावे. अशा सह्या पुष्कळदा शेजारी, नातलग किंवा वकील यांच्यापर्यंत पोचवतात.

त्यानंतर जनगणनेकडे वळावे, आणि खरी कसोटी येथेच लागते. १८५० पूर्वीच्या जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे, बाकीच्यांचे नुसते आकडे. (केवळ पुरुषांची नावे नोंदवणाऱ्या आपल्याकडील अनेक वंशावळी पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.) १८५० मध्ये घरातील सर्व स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तींची नावे आली, परंतु व्यवसाय विचारला गेला तो फक्त पुरुषांचा, स्त्रियांचा व्यवसाय १८६० पासून नोंदवला जाऊ लागला. त्यामुळे १८५० च्या पानावर एखाद्या स्त्रीच्या नावापुढचा रकाना रिकामा दिसला, तर ती काही करत नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते तर १८८० पर्यंत लिहिलेच जात नव्हते, म्हणून एका छताखालच्या समान आडनावाच्या स्त्रियांना बहिणी ठरवण्याआधी जन्मनोंद किंवा मृत्युपत्र पाहावे.

ऱ्होड आयलंडमध्ये जमिनीचे आणि वारसाचे दप्तर परगण्याच्या नव्हे, तर नगराच्या कचेरीत असते. वॉकर जेथे राहत होती ते सेंट्रल फॉल्स १८७१ पर्यंत स्मिथफील्ड नगरात होते, मग लिंकनमध्ये गेले आणि १८९५ मध्ये स्वतंत्र शहर झाले. म्हणजे घर न हलता पत्ता बदलत गेला.

बाहुल्या ती केव्हापासून करू लागली, हा मात्र जुना वाद आहे. रंगवलेल्या केशरचनेवरून काही संग्राहक तिच्या बाहुल्या पेटंटच्या कितीतरी आधीच्या मानतात. दुसरीकडे १८७० च्या कायद्यानुसार अर्जापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ विक्रीत असलेल्या वस्तूला पेटंट मिळत नसे, त्यामुळे अधिकृत कागदात जुन्या विक्रीची कबुली सापडण्याची आशा धरू नये. केशरचनेचा पुरावा मला एकट्याने पुरेसा वाटत नाही, कारण रंगवण्याची एकदा बसलेली धाटणी कारागीर फॅशन बदलल्यावरही चालू ठेवू शकतो. त्यापेक्षा १८६० आणि १८७० च्या जनगणनेतील तिच्या घराच्या ओळी, तसेच १८६५ ची राज्याची स्वतंत्र जनगणना, मूळ हस्ताक्षरात वाचावी. नकलेत ‘इझाना’ हे नाव निरनिराळ्या प्रकारे उतरवले गेलेले असू शकते, म्हणून आडनाव आणि वय यांवरूनही शोध घ्यावा.