कडियानं सांगितला टाइलचा दर, आम्ही समजलो न्हाणीचा: घरदुरुस्तीत या चुका टाळा

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, त्यातली न्हाणी नवी करायची ठरली. कडियानं, म्हणजे गवंड्यानं, टाइल बसवायचा चौरस फुटाचा दर सांगितला, मी कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला आणि खूश झालो. तिसऱ्या दिवशी जुनी फरशी फोडून राडारोडा जिन्यात आला. मी विचारलं, हे खाली कोण नेणार? "ए अलग थशे, साहेब." दोन मजले, अरुंद जिना, गल्लीत टेम्पो शिरत नाही, पोती भरून डोक्यावरून नाक्यापर्यंत न्यावी लागली. मग नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायच्या तोंडाशी बसवायची जाळी) अलग, नळांसाठी टाइलला पाडलेली भोकं अलग, कोपऱ्यांची पट्टी अलग. माणूस लबाड नव्हता. त्यानं टाइलचा दर सांगितला होता. तो अख्ख्या न्हाणीचा दर आहे हे मीच ठरवून टाकलं होतं.

तेव्हा दर विचारण्याआधी कामाची यादी कागदावर घ्या. तोडफोड कोणाची, राडारोडा कुठपर्यंत नेणार, सिमेंट-रेती वर कोण चढवणार, टाइलमधल्या फटी भरणं धरलंय का, प्लंबर कोणाचा, जीएसटी दरात आहे की वर १८ टक्के लागणार. 'उक्तं' काम दिलं की झालं, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. उक्त्या कामातही यादी नसेल तर भांडणच उक्तं होतं.

माप कशाचं, ते विचारा

रंगाच्या कामात फसगत इथेच होते. खोली १० बाय १२ फूट असेल तर जमीन १२० चौरस फूट. पण उंची १० फूट धरली तर चार भिंतींचे ४४० आणि छताचे १२०, म्हणजे रंगवायचे ५६० चौरस फूट. 'वीस रुपये फूट' ऐकून आपण मनात २,४०० मांडतो, बिल येतं ११,२०० चं. दारं-खिडक्या वजा करणार की नाही, तेही आधीच बोलून घ्या. पुट्टीचे हात किती आणि रंगाचे किती, हेही लिहून घ्या. 'दोन हात' या शब्दाचा अर्थ प्रत्येक रंगाऱ्याकडे वेगळा असतो.

ओल कुठून येते ते न शोधता भिंत सजवू नका

जुन्या गावातल्या घरांच्या भिंती विटा आणि चुन्याच्या. चुना ओल शोषतो आणि सुकूही देतो. त्यावर आपण हौसेनं सिमेंटचा गिलावा चढवतो, ओल आत कोंडते, लोणा (क्षाराचा पांढरा थर) फुटतो आणि वर्षभरात रंगाचे पापुद्रे गळायला लागतात. मग पुन्हा रंग, पुन्हा खर्च. आमच्या माजघराची भिंत अशी दोनदा रंगवली. आई म्हणाली होती, आधी पलीकडची मोरी बघ. आईचं ऐकायला दुसऱ्या रंगाचं बिल यावं लागलं.

ओळखायचं साधारण असं: जमिनीपासून तीन-चार फूट चढलेली ओल बहुधा खालून येते. छतालगतची ओल अगाशीची (गच्चीची) किंवा पावसाच्या पाइपची. भिंतीच्या मधोमध, बारा महिने दिसणारा डाग असेल तर आतल्या पाइपवर संशय घ्या. अगाशी गळते म्हणून सरळ नवं चायना मोझेक (टाइलच्या तुकड्यांचा थर) घालायला निघू नका. आधी पाणी उतरायची तोंडं साफ करा, कठड्याच्या मुळाशी गेलेली चीर बघा. जुन्यावर नवा थर म्हणजे स्लॅबवर वजनही वाढतं.

न्हाणीत वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्याआधी, पाणी तुंबवून २४ ते ४८ तास ठेवा आणि खालच्या खोलीचं छत बघा. पाइप बुजवण्याआधी फोटो काढून ठेवा, शेजारी मापपट्टी धरून. पुढे कुणी पडद्याचा रॉड ठोकताना पाइप फोडला, की या फोटोची किंमत कळते.

पंचांग न बघता काम काढणं

बडोद्यात मजुरीला येणारे पुष्कळ लोक दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे. होळीला ते गावी जातात आणि लगेच परतत नाहीत. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस मिस्त्री पतंग उडवायला अगाशीवर, नवरात्रात रात्रभर गरबा आणि सकाळी अर्धीच टोळी. मे महिन्यात माणसं मिळाली तरी उन्हानं गिलावा भराभर सुकतो. पाणी मारायला माणूस नसेल तर चिरा पडतात. काम रेंगाळलं की भाड्याची खोली, बाहेरचं जेवण, दुसऱ्या फेरीचा टेम्पो, हे सगळं अंदाजपत्रकाबाहेर वाढतं.

खर्च फुगायला लागलाच तर

त्याच दिवशी काम थांबवून हिशेबाला बसा. आठवड्यानं बसलात तर कोण काय बोललं ते कुणाला आठवत नाही. 'आता उघडलंच आहे तर' हे घरातल्यांचं वाक्य मिस्त्रीच्या बिलापेक्षा महाग पडतं. वाढीव काम करायचंच असेल तर दर ठरवून दोघांच्या सह्या घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहा. पैसे कामाच्या टप्प्यानं द्या. अगाशीचं काम असेल तर शेवटचा हप्ता एक चांगला पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा, पण हे बयाणा देतानाच सांगा, नाहीतर तो अन्याय होतो. फ्लॅटसाठी मी अंदाजाच्या वर १० टक्के बाजूला ठेवीन, जुन्या घरासाठी २५. भिंत उघडल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे ते कडियालाही कळत नाही.

टाइल मोजून लागतात त्यापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच व शेडचा नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. आमच्या उरलेल्या सहा टाइल माळ्यावर होत्या. गेल्या वर्षी गिझरची गळती काढताना दोन फुटल्या, तेव्हा दुकानात ते डिझाइन कधीच बंद झालेलं होतं. आता माळ्यावर चार आहेत.