ग्रीन कार्डाची मुदत भारतात असताना संपली? परतताना या चुका टाळा

माझ्या सासूबाईंच्या ग्रीन कार्डावर छापलं होतं ०३/०७/२५. सासऱ्यांनी ते वाचलं ३ जुलै, आणि पुण्याच्या घरातल्या कालनिर्णयवर जुलैच्या तीन तारखेला लाल गोल केला. नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेहून निघालेल्या सासूबाई मेच्या पहिल्या आठवड्यात परत निघाल्या. मुंबई विमानतळावर, रात्री दीड वाजता, काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हे तर मार्चमध्येच संपलंय."

अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. ०३/०७ म्हणजे ७ मार्च. तारीख १२ च्या पुढची असती तर आपोआप लक्षात आलं असतं, पण अशा तारखांना हमखास घोळ होतो. आज घरातलं प्रत्येक कार्ड बाहेर काढा आणि मुदतीची तारीख अक्षरात लिहून ठेवा: "सात मार्च".

कार्ड संपलं म्हणजे हक्क संपला, असं समजून घाबरणं

दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपते तेव्हा फक्त कार्ड जुनं होतं. कायमच्या वास्तव्याचा दर्जा त्यामुळे जात नाही. अमेरिकेच्या सीमा विभागाने विमान कंपन्यांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. दहा वर्षांच्या मुदतीचं कार्ड संपलेलं असलं तरी प्रवाशाला विमानात घेता येतं, असं तिच्यात म्हटलं आहे. अडचण एवढीच की काउंटरवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असतंच असं नाही. आमच्या वेळी मी न्यू जर्सीतून फोनवर होते आणि वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. त्यांनी मार्गदर्शिकेतलं पान उघडून पाहिलं आणि तासाभराने बोर्डिंग पास दिला. ते पान छापून सोबत ठेवा, आणि तिकीट काढल्यावर विमान कंपनीशी आधीच बोलून घ्या. शक्य असेल तर थेट विमान घ्या. मधे युरोपात विमान बदलायचं असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम वेगळे असतात, आणि तिथे संपलेलं कार्ड चालेलच असं नाही.

लग्नामुळे मिळालेल्या दोन वर्षांच्या कार्डाला मात्र यातलं काहीच लागू होत नाही. त्यासाठी मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा फॉर्म, भरावाच लागतो. तो भरला नाही तर दर्जाच संपतो. भरला असेल तर पावतीवर ४८ महिन्यांची मुदतवाढ मिळते. ती पावती आणि जुनं कार्ड, दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात. पावतीचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवून भागत नाही.

पुण्यात बसून नूतनीकरणाचा अर्ज भरणं

हे मी फार जणांकडून ऐकते: "ऑनलाइनच तर आहे, इथूनच भरून टाकू." कार्ड नवं करण्याचा फॉर्म आय-९० आहे आणि तो मुदतीच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. पण तो अमेरिकेत असताना भरायचा असतो. त्यानंतर बोटांच्या ठशांसाठी अमेरिकेतल्या केंद्रावर बोलावणं येऊ शकतं. ती तारीख काही न कळवता चुकवली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. भारतात असताना कार्ड संपलं आणि निघण्यापूर्वी अर्ज केलेला नसेल, तर आधी परत या आणि मग आय-९० भरा.

सासूबाई आल्या त्याच आठवड्यात आम्ही तो एडिसनच्या घरातून ऑनलाइन भरला. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन शुल्क ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाचं ४६५ डॉलर आहे. सप्टेंबर २०२४ पासून या अर्जाच्या पावतीवर कार्डाला ३६ महिन्यांची वाढ मिळते. ही वाढ कार्डावर छापलेल्या तारखेपासून मोजतात. पावतीच्या तारखेपासून मोजलंत तर पुन्हा चुकाल. घर बदललं असेल तर दहा दिवसांत पत्ता कळवायचा असतो. तो कळवला नाही तर नवं कार्ड जुन्या दाराशी जाऊन पडतं.

कार्ड हरवलं, किंवा संपलेल्या कार्डावर कंपनी बसू देत नसेल, तर अमेरिकेच्या वकिलातीत आय-१३१ए, म्हणजे परतीच्या प्रवासासाठी कागद मागण्याचा फॉर्म, भरता येतो. शुल्क ५७५ डॉलर, आणि ते परत मिळत नाही. बाहेर राहून वर्ष झालेलं नसावं.

कार्डाची तारीख पाहणं आणि दिवस न मोजणं

खरा धोका इथे आहे. आईवडील "नातवंडांची सुट्टी होईपर्यंत", "गुडघ्याचं ऑपरेशन उरकून" असं करत भारतात राहतात आणि वर्ष उलटतं. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर कोरं करकरीत कार्डही परतण्यासाठी पुरत नाही. लांब मुक्काम ठरलेला असेल तर निघण्यापूर्वी अमेरिकेतूनच आय-१३१ भरून पुनर्प्रवेश परवाना घ्यावा. तो साधारण दोन वर्षं चालतो. तो नसेल तर वकिलातीत डीएस-११७ हा फॉर्म भरून परतणाऱ्या रहिवाशांसाठीचा एसबी-१ व्हिसा मागावा लागतो, आणि न परतण्याचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे कागदांनिशी दाखवावं लागतं. रुग्णालयाचे कागद जपून ठेवा. वर्षाच्या आतही १८० दिवसांपलीकडे राहिलात तर परतताना चौकशी जास्त होते, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो मुक्काम आडवा येतो.

समोर ठेवलेल्या कागदावर सही करणं

वीस तासांच्या प्रवासाने थकलेले आजीआजोबा, समोर गणवेशातला अधिकारी, इंग्रजीची भीती. अशा वेळी "इथे सही करा" म्हटलं की आपली माणसं सही करतात. पण कागदावर आय-४०७ असं असेल तर ती सही म्हणजे ग्रीन कार्डावरचा हक्क स्वेच्छेने सोडणं. ही सही करायची सक्ती नाही. नम्रपणे म्हणावं, "मला सही करायची नाही, मला इमिग्रेशन न्यायाधीशांसमोर बाजू मांडायची आहे." तो आजीआजोबांचा अधिकार आहे. मराठी दुभाष्या मागायलाही लाजू नये.

सासूबाईंच्या पर्समध्ये आता मी एक चिठ्ठी ठेवली आहे. एका बाजूला हे वाक्य इंग्रजीत आणि मराठीत, दुसऱ्या बाजूला माझा नंबर आणि अमेरिकेतून निघाल्याची तारीख. सोबत गेल्या वर्षीच्या कर विवरणपत्राची प्रत. या खेपेला निघताना त्यांनी ती चिठ्ठी स्वतःच आठवणीने मागून घेतली.