गॅसचं एअरसॉफ्ट पिस्तूल घेताय? आधी मॅगझिन समजून घ्या

इंग्लंडमधल्या ज्या जंगलात मी दर पंधरवड्याला एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांचा खेळ, खेळायला जातो, तिथे दर हिवाळ्यात एखादा तरी नवा मराठी मुलगा भेटतो आणि म्हणतो, "दादा, पिस्तूल बिघडलंय. चार गोळ्या उडतात आणि मग नुसता फुस्स आवाज येतो." मी पिस्तूल हातात घेत नाही, मॅगझिन मागतो, म्हणजे मुठीत बसणारी, छर्रे आणि गॅस दोन्ही भरायची पेटी. दहातल्या नऊ वेळा पिस्तूल ठणठणीत असतं आणि दोष मॅगझिनमध्ये गॅस भरण्याच्या पद्धतीत असतो. त्या मुलाला ती पद्धत इंटरनेटवरच्या कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेली असते. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

घेण्याआधी

ब्रिटनमध्ये हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल विकत घ्यायचं तर वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही खरोखर खेळता याचा पुरावा हवा. दुकानदार तो 'युकारा' या एअरसॉफ्ट दुकानदारांच्या संघटनेच्या नोंदणीवरून तपासतात. नोंदणीसाठी किमान ५६ दिवसांच्या काळात तीनदा खेळलेलं असावं लागतं. निम्म्याहून जास्त भाग भडक निळा किंवा केशरी असलेलं पिस्तूल नोंदणीशिवाय मिळतं, पण ते घेऊ नका. दोन महिन्यांत काळं हवंसं वाटतं आणि पैसे दोनदा जातात. तोवर मैदानावरचं भाड्याचं वापरा.

ताकदीची कायदेशीर मर्यादा सलग गोळ्या सुटणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल आणि एकेक गोळी सुटणारीला २.५ ज्यूल आहे. मैदानांचे नियम सहसा याहून कडक असतात. ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याला सेकंदाला ३५० फूट वेग म्हणजे साधारण १.१४ ज्यूल, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या आसपास रेघ मारलेली असते.

कुठलं घ्यावं

पहिलं पिस्तूल ब्लोबॅकचं घ्या, म्हणजे प्रत्येक गोळीला वरची स्लाइड मागे जाऊन परत येते. ग्रीन गॅसवर (मुख्यतः प्रोपेन, पुढे सांगतो) चालणारं घ्या, सीओटूवरचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवरचं नको. टोकियो मारुईचं हाय-कापा ५.१ मी डोळे मिटून सुचवतो, कारण त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि उघडायला सोपं आहे. एक लक्षात ठेवा. मारुईची पिस्तुलं जपानसाठी बनतात. तिथली मर्यादा ०.९८ ज्यूल आहे आणि गॅसही सौम्य वापरतात. त्यांची प्लास्टिकची स्लाइड इथल्या थंडीत ग्रीन गॅसवर निभावून नेते, पण ऐन उन्हाळ्यात तडकू शकते. जुलैमध्ये सौम्य गॅस वापरा.

सीओटूला माझा विरोध का, तर २० अंशांना त्या छोट्या १२ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ५० बारहून जास्त दाब असतो. पिस्तुलाचे भाग लवकर झिजतात, आणि एकदा कॅप्सूल फोडली की ती संपवावीच लागते, कारण फोडलेली कॅप्सूल आत तशीच ठेवली तर सीलची वाट लागते. दुसरं-तिसरं पिस्तूल सीओटूचं घ्या, हरकत नाही. शिकायला नको.

लेझर, टॉर्च, दुर्बीण यांचे पैसे वाचवा. त्या पैशांत आणखी दोन मॅगझिन, सिलिकॉन तेलाची बाटली, व्हॉल्व्ह उघडायची चावी आणि बरा होल्स्टर येतो. चष्म्यावर मात्र पैसे वाचवू नका. ईएन १६६ मानकाचा आणि 'बी' शिक्का असलेलाच घ्या, आणि दातांसाठी खालचा मास्कही घ्या. माझ्यासमोर एकाचा पुढचा दात तुटलाय.

गॅस भरणं

इथे मी पूर्ण एक हिवाळा वाया घालवला, म्हणून इथे थांबून वाचा.

ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन तेल. डब्यात तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि मॅगझिनमध्येही द्रवच भरायचा असतो. गोळी उडते ती त्या द्रवाच्या वर साठलेल्या वाफेवर. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

मला पहिल्या हिवाळ्यात सल्ला मिळाला होता की मॅगझिन आधी चांगलं गरम कर, मग गॅस भर. मी इमानेइतबारे घरच्या रेडिएटरवर मॅगझिन तापवायचो आणि गरम असतानाच भरायचो. डबा गाडीत रात्रभर गारठलेला असायचा. आठ-दहा गोळ्यांत गॅस संपायचा. मला वाटलं गळती आहे. व्हॉल्व्ह बदलले, रबरं बदलली, शेवटी वैतागून ते पिस्तूल पडत्या भावात विकून टाकलं. त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

सुटीत पुण्याला गेलो असताना कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला लायटर भरताना पाहिलं आणि तिथेच उभा राहिलो. त्याने लायटर उलटा धरला, गॅसचा डबा त्याच्यावर उलटा टेकवला, सरळ खाली एकदाच दाबला आणि मनात आकडे मोजले. हलवाहलव नाही, पचपच दाबणं नाही. मॅगझिन भरणं म्हणजे नेमकं हेच. द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, आणि गरम वस्तूतला दाब जास्त असतो. तापलेल्या मॅगझिनमध्ये गेलेल्या पहिल्या थेंबांची लगेच वाफ होते, ती वाफ समोरून ढकलते आणि गारठलेल्या डब्यातला द्रव बाहेर पडतच नाही. मॅगझिन भरल्यासारखं वाटतं आणि आत वाफेखेरीज फारसं काही नसतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. डबा जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा. मॅगझिन बाहेरच्या गारठ्यात असू द्या. मॅगझिन उलटं, त्याच्यावर डबा उलटा, डब्याची नळी अगदी सरळ उभी. तिरकी धरली की बाजूने गॅस बोटांवर उडतो आणि कातडी पोळल्यासारखी होते. एकदाच घट्ट दाबा आणि पाच ते सात सेकंद धरा. कडेने गॅसचा फवारा परत येऊ लागला की लगेच सोडा. आता भरलेलं मॅगझिन जॅकेटच्या आतल्या खिशात टाका आणि दहा मिनिटं ऊब घेऊ द्या. आधी भरा, मग ऊब द्या. हा क्रम उलटा करायला कुणीही सांगितलं, कितीही जुना खेळाडू असला, तरी ऐकू नका.

डबा मात्र कधीही रेडिएटरवर, गरम पाण्यात किंवा गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवायचा नाही. आत प्रोपेन आहे, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्याच जातीचा. सिगारेट ओढणाऱ्याच्या शेजारी उभं राहून भरणाऱ्यांना मी सरळ हटकतो, ओळख असो वा नसो.

फवारा आल्यावरही दाबत राहणारे पुष्कळ आहेत. मॅगझिन काठोकाठ भरलं की वाफेला जागाच उरत नाही. मग पहिल्या गोळ्यांबरोबर पांढरा धूर आणि द्रवच बाहेर येतो, स्लाइड जड चालते आणि गॅसमधलं तेल पिस्तुलाच्या नळीत जाऊन नेमबाजी बिघडवते. किती भरलं ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरतो. रिकाम्या मॅगझिनचं वजन, भरलेल्याचं वजन, दोन्ही मॅगझिनच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय. तुमचे आकडे तुम्ही काढा. रात्री भरून वजन करा, सकाळी परत करा. वजन उतरलं असेल तर ती खरी गळती.

गळती शोधणं

भरलेलं मॅगझिन पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि थांबा. सुरुवातीला कोपऱ्यांत अडकलेली हवा निघेल, ती जाऊ द्या. मग एकाच जागेवरून मोत्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे येताना दिसतील. भरायच्या व्हॉल्व्हमधून येत असतील तर त्यावर सिलिकॉन तेलाचे दोन थेंब टाकून पुन्हा गॅस भरा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. बुडाच्या पट्टीकडून येत असतील तर तिथलं रबर बदलावं लागेल. मागच्या मोठ्या व्हॉल्व्हमधून येत असतील तर चावीने घट्ट करून पाहा, पण चावी लावण्याआधी गॅस पूर्ण सोडून द्या. पूर्ण म्हणजे शेवटची सुरसुर थांबेपर्यंत. दाबाखालचा व्हॉल्व्ह सुटला तर थेट तोंडावर येतो. काम झाल्यावर मॅगझिन कोरडं पुसा.

गंज काढायचं घरगुती स्प्रे तेल इथे चुकूनही वापरू नका. खनिज तेलाने रबर फुगतं. एका मित्राने माझी तीन मॅगझिन मदत म्हणून तशी 'साफ' केली होती, तिन्हींची रबरं बदलावी लागली.

थंडी

माठाला पाझर फुटतो आणि पाणी गार होतं, त्याच न्यायाने मॅगझिनमधल्या द्रवाची वाफ होताना मॅगझिन गार पडतं. भराभर दहा गोळ्या मारून हात लावून बघा, धातू बर्फासारखा लागेल. प्रोपेनचा दाब २० अंशांना सव्वासात बारच्या वर असतो, शून्य अंशांना पावणेचारच्या आसपास उतरतो. निम्मा दाब तिथेच गेला. म्हणून थंडीत एकेक गोळी मारा, मध्ये श्वास घ्या, आणि दोन मॅगझिन आलटून पालटून वापरा. एक पिस्तुलात, एक आतल्या खिशात. हात शेकायच्या त्या लोहचूर्णाच्या पुड्या मॅगझिनच्या पाऊचमध्ये टाकल्या तर फारच उत्तम. पारा ५ अंशांखाली गेला की मी पिस्तुलाचा भरवसा धरत नाही आणि बॅटरीवरची बंदूक नेतो.

छर्रे आणि हॉप

पिस्तुलाला ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमचे छर्रे चांगले. मैदानाचा नियम असेल तर जैवविघटनशील घ्या. जमिनीवरचे उचलून परत वापरू नका.

नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून छर्रा आत शिरतो तिथे, एक रबरी उंचवटा असतो, तो छर्ऱ्याला उलटी फिरकी देतो आणि छर्रा हवेत तरंगत लांब जातो. याला हॉप-अप म्हणतात. तो पूर्ण बंद करून सुरू करा, ३० मीटरवरच्या झाडावर मारत थोडाथोडा वाढवा. छर्रा सरळ जाऊन अगदी शेवटी किंचित उचलला गेला की थांबा. छर्ऱ्याचं वजन बदललं की हे पुन्हा करायचं. छर्रे कधी डावीकडे, कधी आकाशात जायला लागले तर रबराला तेल लागलंय. नळी काढा, कोरड्या कापडाने पुसा. नळीत तेल घालायचा सल्ला मी अजूनही ऐकतो आणि दर वेळी राग येतो.

सकाळी वेग मोजून घेताना त्या दिवशी वापरणार तेच छर्रे भरा. गॅसच्या पिस्तुलात जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, जास्त धक्का खातो आणि त्याची ऊर्जा वाढते. ०.२० वर पास होणारं पिस्तूल ०.३० वर मर्यादा ओलांडू शकतं, आणि ती गोळी समोरच्याच्या अंगावरच बसणार असते.

खेळ संपल्यावर

आधी मॅगझिन काढा, मग पिस्तूल जमिनीकडे धरून स्लाइड मागे ओढा आणि नळीत अडकलेला छर्रा काढून टाका. लोक हे उलट करतात आणि गाडीजवळ अपघात होतात. पिस्तूल बंद बॅगेत, बॅग गाडीच्या डिकीत. रस्त्यात, पेट्रोल पंपावर, कुणाला दाखवायला म्हणूनही बाहेर काढायचं नाही. पाहणाऱ्याला ते खरंच वाटतं आणि पोलिसही तसंच वागतात. सार्वजनिक जागी नकली बंदूक विनाकारण बाळगणं हा इथे गुन्हा आहे. सुटीत भारतात जाताना यातलं काहीही सामानात नको. गॅसचा डबा तर विमानात चालतच नाही.

मॅगझिन कपाटात ठेवताना पूर्ण रिकामं ठेवू नका. एक-दोन सेकंदांचा गॅस आत राहू द्या, त्या दाबाने रबरं जागेवर बसून राहतात. पुढच्या खेळाच्या आदल्या रात्री पेनच्या टोकाने मागचा व्हॉल्व्ह क्षणभर दाबा. सुर्र आवाज आला तर निवांत झोपा. नाही आला तर पाण्याचा ग्लास त्याच रात्री काढा, सकाळी मैदानावर तेवढा वेळ नसतो.