ग्रेप म्हणजे मणी, घड नाही

निफाड-पिंपळगावकडं जाताना कितीतरी बोर्डांवर 'ग्रेप्स फार्म' लिहिलेलं दिसतं, तर ते 'ग्रेप फार्म' पाहिजे, कारण दुसऱ्या नामाच्या आधी आला की शब्द एकवचनीच राहतो, ग्रेप ज्यूस, ग्रेप सीड तसंच. एकटा असला की मात्र बहुतेक वेळा अनेकवचन, 'आय लाइक ग्रेप्स'. ए ग्रेप म्हणजे फक्त एक मणी, अख्खा घड म्हणायचा असेल तर 'ए बंच ऑफ ग्रेप्स'.

आता गंमत बघा, हा ग्रेप शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथं त्याचा अर्थ घडच होता! त्याआधी इंग्रज लोक द्राक्षाला 'वाईनची बेरी' अशा अर्थाचा शब्द वापरायचे. फ्रेंचमध्ये आजही ग्रॅप म्हणजे घड आणि रेझां म्हणजे ताजं द्राक्ष, तोच रेझां इंग्रजीत रेझिन होऊन बेदाणा झाला. म्हणून एक्सपोर्टच्या पेटीवर फ्रेंचमध्ये रेझां दिसलं तर आपला माल वाळवून पाठवला की काय म्हणून घाबरू नका, बेदाण्याला ते 'रेझां सेक' म्हणतात, सेक म्हणजे सुका.

'सावर ग्रेप्स' तर आपल्याला पाठच आहे, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण कुणी 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन' म्हणालं तर वेल-बिल शोधू नका, कानोकानी कळलं एवढंच, पारावर बातमी फिरते ना तसं.